उडी आणि धाव : नाते व त्याची मर्यादा

(क्रीडाशिक्षक व ग्रंथालयाचे वाचक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मैदानाविषयी बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी मराठी भाषेचा विद्यार्थी आणि व्यवसायाने अनुवादक. शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवरील काही लेखन मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पारिभाषिक शब्दांनी माझी अडवणूक होईल अशी माझी अपेक्षा होती. शब्दांनी ती थोडीबहुत केलीच. पण त्याहून अधिक अडविले ते एका घरगुती आठवणीने.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा फुटबॉलच्या एका निवड शिबिरास गेला होता. त्याला तेव्हा तेरावे संपत आले होते. सकाळी मुलांना भिंतीशी उभे करून प्रत्येकाची उभी उडी मोजण्यात आली. ठरविलेल्या आकड्याच्या खाली ज्यांची उडी भरली, त्यांना दुपारच्या आतच घरी पाठविण्यात आले. धावण्याची चाचणी दुपारी होती. भाचा परत आला तो मुकाट्याने दप्तर आवरू लागला. मी त्याला वडीलकीच्या सुरात म्हणालो, “अरे, आकडा काही खोटे बोलत नाही.” त्यावर तो एवढेच म्हणाला, “मामा, त्यांनी मला पळायला लावलेच नाही.”

त्या वेळी हे उत्तर मला लहान मुलाच्या हट्टाचे वाटले. पुढे या विषयावरील लेखन वाक्यावाक्याने उलगडत जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या उत्तरातील प्रश्न किती रास्त होता हे मला कळले. खेळाडूची उडी मोजली म्हणजे त्याची धाव मोजल्यासारखे होते काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रथम उडीच्या चाचणीविषयी. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे दीर्घकाळ संचालक असलेले डडली ॲलन सार्जंट यांनी १९२१ साली एका लेखात उभ्या उडीची चाचणी पुढे मांडली. माणसाच्या शारीरिक क्षमतेची परीक्षा थोडक्यात कशी घ्यावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता; आणि जागच्या जागी सरळ वर मारलेली उडी हे त्यांचे उत्तर होते. आजही जगभर ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या लोकप्रियतेचे कारण उघड आहे. तिला एक भिंत, खडूचा तुकडा आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. मुलाने भिंतीलगत उभे राहून हात पूर्ण ताणून एक खूण करावयाची, मग उडी मारून दुसरी खूण करावयाची. दोन खुणांमधील अंतर ही त्याची उडी. येथे एक सावधगिरी हवी. पहिली खूण करताना जो मुलगा खांदा आखडून धरतो, त्याची उडी कागदावर आपोआप वाढते! ही लबाडी मुलांना कोणी शिकवावी लागत नाही.

पुढे इटलीतील कार्मेलो बोस्को यांनी १९८३ साली उड्यांच्या चाचणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत खेळाडू एका चटईवर उडी मारतो आणि त्याचे पाय किती वेळ अधांतरी होते हे उपकरण मोजते. गुरुत्वाकर्षणाचा नियम ठाऊक असल्याने त्या वेळेवरून उंची काढता येते. पाय अर्धा सेकंद अधांतरी असतील तर उडी सुमारे ३१ सेंटिमीटरांची असते, ०.६ सेकंद असतील तर सुमारे ४४ सेंटिमीटरांची. एक दशांश सेकंदाच्या फरकाने उंचीत १३ सेंटिमीटरांची भर पडते. हात झोकल्यानेही उडी काही सेंटिमीटरांनी वाढत असल्यामुळे अशा चाचणीत हात कमरेवर ठेवण्यास सांगतात.

आता प्रश्न असा की, वर जाणाऱ्या या उडीचा, पुढे जाणाऱ्या धावेशी संबंध तरी काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. दोन्ही क्रियांत माणूस जमिनीला पायाने रेटतो आणि जमीन त्याला उलट दिशेने रेटते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा नित्याचा अनुभव. दोन्हींत कामाला येतात ते स्नायूही बव्हंशी तेच : नितंबांचे, मांडीचे आणि पोटरीचे. दोन्हींत आपलेच वजन आपल्याला हलवावयाचे असते. त्यामुळे नुसती ताकद पुरत नाही, वजनाच्या मानाने ताकद किती, हे महत्त्वाचे ठरते.

येथे माझ्या व्यवसायातील एक अडचण सांगतो. ताकद, जोर, बल, शक्ती हे शब्द आपण घरी एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पदार्थविज्ञानात तसे चालत नाही. बल म्हणजे रेटा. आणि शक्ती म्हणजे ठरावीक वेळात केलेले कार्य. एखादा पहिलवान फार मोठे वजन सावकाश उचलतो, तेव्हा त्याचे बल मोठे असते; पण त्या क्षणीची शक्ती तितकी मोठी असतेच असे नाही. उडी आणि धाव या दोन्ही क्रियांत बल थोडक्या वेळात उभे करावे लागते. म्हणून ज्याला मैदानावर ‘स्फोटक ताकद’ म्हणतात, ती या दोहोंची समान ठेव आहे.

याचा पुरावा नॉर्वेमधील एका अभ्यासात मिळतो. उलरिक विस्लॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. तेथील रोझेनबोर्ग या अग्रगण्य संघाच्या १७ खेळाडूंची त्यांनी परीक्षा घेतली. खांद्यावर वजन घेऊन अर्धी बैठक मारताना हे खेळाडू सरासरीने सुमारे १७२ किलोग्रॅम वजन पेलत. त्यांची उभी उडी सरासरीने ५६.४ सेंटिमीटर होती. १० मीटर अंतर ते १.८२ सेकंदांत आणि ३० मीटर अंतर ४ सेकंदांत तोडीत. ज्याची बैठक अधिक वजनाची, त्याची धाव वेगवान आणि उडीही उंच, असे त्यात स्पष्ट दिसून आले. बैठकीतील ताकदीचा १० मीटरांच्या धावेशी सहसंबंध ०.९४, ३० मीटरांच्या धावेशी ०.७१ आणि उडीशी ०.७८ इतका आढळला. जोर-बैठकांची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला बैठकीचे हे माहात्म्य नवे वाटू नये. मात्र तालमीतील शेकडो बैठका आणि मोठे वजन पेलून मारलेल्या मोजक्या बैठका यांत भेद आहे : पहिलीने दम वाढतो, दुसरीने बल वाढते.

‘सहसंबंध’ या शब्दापाशी क्षणभर थांबू या. दोन गोष्टी एकमेकींच्या तालाने किती बदलतात, याचे हे माप आहे. पूर्ण मेळ असेल तर ते १ असते. मुळीच मेळ नसेल तर शून्य. उडी आणि धाव यांची तुलना करताना हा आकडा पुष्कळदा ऋण येतो. अनुवाद करताना मी पहिल्यांदा दचकलो. उडी वाढली की धाव बिघडते, असा तर याचा अर्थ नव्हे? तसा तो नाही. धाव सेकंदांत मोजतात आणि वेगवान खेळाडूचे सेकंद कमी असतात. म्हणून उडी वाढते तेव्हा वेळ घटतो. ऋणचिन्ह हे येथे शुभवर्तमान आहे.

परंतु या मापाचा मोह मोठा असतो. समजा, एखाद्या संघात उडी व धाव यांचा सहसंबंध ०.६ आला. ऐकणाऱ्याला वाटते, साठ टक्के काम झाले. तसे नसते. या आकड्याचा वर्ग करावा लागतो, आणि ०.६ चा वर्ग ०.३६ होतो. म्हणजे खेळाडूंच्या धावेत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ३६ टक्के फरकच उडीतील फरकाशी जुळतो. उरलेल्या ६४ टक्क्यांबद्दल उडी मौन पाळते. संपूर्ण गटाविषयी ‘उंच उडणारे बहुधा वेगाने धावतात’ असे म्हणणे योग्य. पण समोर उभ्या असलेल्या या एका मुलाची उडी कमी, म्हणून तो संथ, असे म्हणण्यास तेवढा आधार पुरत नाही.

हा ६४ टक्क्यांचा वाटा जातो कोठे? तो क्रियेच्या स्वरूपात आहे. उभ्या उडीत दोन्ही पाय एकाच वेळी रेटतात. धावेत एका वेळी एकच. उडीत रेटा सरळ खाली द्यावयाचा. धावेच्या आरंभी त्यातला शक्य तितका भाग मागे द्यावा लागतो, तेव्हा शरीर पुढे जाते. फ्रान्समधील जाँ-बेनुआ मोरँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, धावपटूने जमिनीवर एकूण किती बल लावले यापेक्षा ते कोणत्या दिशेने लावले, याचा वेगाशी अधिक निकटचा संबंध आहे. हे दिशेचे कसब उभ्या उडीत दिसण्याचे कारणच नाही.

दुसरा भेद वेळेचा. खाली वाकून उडी घेताना शरीर वर रेटण्यास सुमारे पाव सेकंद मिळतो. धावेच्या पहिल्या पावलांत पाय जमिनीवर त्याहून कमी, सुमारे एक पंचमांश सेकंद टेकतो. आणि पूर्ण वेगात तर तो सुमारे एक दशांश सेकंदात उचललाही जातो. एखाद्याच्या स्नायूंत बल पुष्कळ असेल, पण ते उभे व्हायला वेळ लागत असेल, तर उडीत तो झळकेल आणि धावेत मागे पडेल.

तिसरी गोष्ट लवचिकपणाची. बसकण मारून क्षणभर थांबून घेतलेली उडी, आणि झटकन वाकून त्याच लयीत घेतलेली उडी, यांत दुसरी काही सेंटिमीटरांनी उंच भरते, हे कोणालाही करून पाहता येईल. स्नायू आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आधी ताणल्या गेल्या की, त्यांच्याकडून पुढचा रेटा अधिक मिळतो. वेगाने धावताना हाच व्यवहार प्रत्येक पावलाला, फार थोडक्या वेळात घडतो, आणि त्यात घोटा व पोटरी यांचा वाटा मोठा असतो. म्हणून खोल वाकून मारलेली एक उडी त्याची पुरती साक्ष देत नाही.

इतकेच नव्हे, ‘वेग’ हाही एकसंध गुण नाही. नॉर्वेच्या त्या खेळाडूंचेच आकडे घ्या. पहिल्या १० मीटरांस त्यांना १.८२ सेकंद लागले; पुढील २० मीटरांस अवघे २.१८. म्हणजे आरंभी सेकंदास सरासरी साडेपाच मीटर आणि नंतर नऊ मीटरांहून अधिक. जागेवरून झेप घेणे आणि गाठलेला वेग राखणे ही दोन निराळी कामे आहेत. इंग्लंडमधील लिटल आणि विल्यम्स यांनी २००५ साली १०६ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आरंभीची झेप आणि कमाल वेग यांच्यातील समान वाटा केवळ ३९ टक्के निघाला. आणि झेप व वळणे घेत धावण्याची चपळता यांच्यातील तर १२ टक्केच. धावेचे प्रकारच एकमेकांची पूर्ण हमी देत नसतील, तर उडीने ती द्यावी ही अपेक्षा अवाजवी होय.

निवडीच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटला तो फ्रान्समधील अभ्यास. जिल कोमेती व सहकाऱ्यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ९५ खेळाडू घेतले : २९ पहिल्या श्रेणीचे व्यावसायिक, ३४ दुसऱ्या श्रेणीचे आणि ३२ हौशी. उभ्या उडीत या तीन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट हौशी खेळाडूंचीच उडी किंचित उंच निघाली. ३० मीटरांच्या धावेतही फरक दिसला नाही. मात्र १० मीटरांच्या धावेत व्यावसायिक खेळाडू हौशींपेक्षा स्पष्टपणे वेगवान होते. त्या ९५ जणांना केवळ उडीवरून निवडले असते, तर कसलेला खेळाडू कोण आणि हौशी कोण, हे ओळखता आले नसते!

या दोन अभ्यासांत विरोध आहे असे कोणी म्हणेल. तसा तो नाही. एकाने ताकदीचे नाते दाखविले, दुसऱ्याने उडीची निवडक्षमता तपासली. शिवाय गट जितका मिश्र, तितका सहसंबंध फुगतो. दहा वर्षांच्या मुलांपासून अठरा वर्षांच्या तरुणांपर्यंत सर्वांना एका यादीत घातले, तर मोठे उंच उडतील आणि वेगानेही धावतील. सहसंबंध भरघोस येईल, पण तो वयाचा असेल. एकाच वयाची, सारख्या तयारीची मुले घेतली की तो आकसतो. आणि निवड तर अशाच सारख्या मुलांतून करावयाची असते.

प्रत्यक्ष सामन्यात या गुणांचे मोल काय, हेही पाहू. जर्मनीतील फाउडे, कोख आणि मायर यांनी तेथील अव्वल साखळीच्या २००७-०८ च्या हंगामातील ३६० गोलांचे चित्रण तपासले. गोल करणाऱ्या खेळाडूने त्याआधी कोणती जोरकस हालचाल केली, हे त्यांनी टिपले. ४५ टक्के गोलांत ती सरळ रेषेतील वेगवान धाव होती; १६ टक्के गोलांत उडी. धाव पहिली खरी, परंतु उडीचा वाटाही उपेक्षणीय नाही. हेडरसाठी उडी हवी, गोलरक्षकाला हवी, मधल्या बचावपटूला हवी. म्हणून उडीला तिच्या स्वतःच्या मोलाने मोजावे. धावेची बदली म्हणून नव्हे.

आपल्याच इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. आपले दोन गोल केले ते पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी. पहिले उजव्या बगलेवरून धावणारे आघाडीचे खेळाडू. दुसरे एरवी बचावफळीचा कणा, पण डोक्याला जखम झाल्यामुळे त्या वेळी आघाडीला खेळविलेले. दोघांची शरीरे व कामे निराळी. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळेतील शिक्षक होते. भिन्न घडणीच्या माणसांतून कोणाकडून केव्हा काय घ्यावे, हे ओळखणारी नजर त्यांच्यापाशी होती. मोजपट्टी त्या नजरेला साहाय्य करील. तिची जागा घेऊ शकणार नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, वयाचा. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारणपणे चौदाव्या वर्षाच्या आसपास. मुलींची त्याआधी, बाराव्या वर्षाच्या सुमारास. पण हा सरासरीचा हिशेब झाला. एकाच वर्गातील, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलग्यांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. जन्मतारखेने ते समवयस्क. शरीराने त्यांच्यात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढलेल्या मुलाच्या स्नायूंत बल आलेले असते, म्हणून त्याची उडी उंच भरते. उशिरा वाढणारा पुढे ही तूट बव्हंशी भरून काढतो; परंतु तोवर तो मैदानावर टिकला तर! तेराव्या वर्षीच्या एका सकाळी घेतलेली उडी पुष्कळदा त्याच्या गुणाची नव्हे, तर त्याच्या वाढीच्या वेळापत्रकाची नोंद असते.

मग उडीची चाचणी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. तिचा योग्य उपयोग करावा. आपल्यासारख्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे चार शब्द सुचवितो.

पहिले, ज्या गुणासाठी निवड करावयाची, तोच गुण मोजावा. धाव हवी असेल तर मुलाला धावू द्यावे. १० आणि ३० मीटरांवर खुणा करून दोन-तीन धावा घ्यावयास फार वेळ लागत नाही. हातातील स्टॉपवॉचमध्ये दशांश सेकंदाची चूक सहज होते, म्हणून वेळ घेणारा माणूस एकच ठेवावा आणि किरकोळ फरकावरून कोणालाही पुढेमागे करू नये.

दुसरे, उडी मोजावी ती मुलाची त्याच्या स्वतःशीच तुलना करण्यासाठी. एकाच मुलाची उडी दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच भिंतीशी, त्याच पद्धतीने मोजली, तर त्याची ताकद वाढते आहे की थांबली आहे, हे कळते. नेहमीपेक्षा उडी एकाएकी खाली आली तर तो थकलेला असेल, आजारी असेल किंवा उपाशीही असेल, त्याला विचारावे.

तिसरे, दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. उडी उंच पण धाव संथ असेल, तर ताकद आहे, कसब शिकवावयाचे आहे : शरीर पुढे झुकविणे, रेटा मागे देणे, पुढे झेपावणाऱ्या उड्यांचा सराव. धाव चांगली पण उडी बेताची असेल, तर बैठकांनी, हळूहळू आणि वयाच्या मानाने, ताकद वाढवावी. असा वापर केला म्हणजे चाचणी मुलाला घालवून देण्याचे नव्हे, शिकविण्याचे साधन होते.

चौथे, एका दिवसाच्या एका आकड्यावर कोणाही मुलाला कायमचे परत पाठवू नये.

माझ्या भाच्याकडे पुन्हा वळतो. त्या शिबिरानंतर तो फुटबॉलच्या वाटेला गेला नाही. पुढे दोन वर्षांत तो माझ्या कानाच्या वर उंच झाला. तो मोठा खेळाडू झाला असता, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि माझे दुःख नेमके तेच आहे. त्या दिवशी भिंतीवरचा आकडा खोटा नव्हता. तो उडीविषयी खरेच सांगत होता. आम्ही त्याला धावेविषयी विचारले होते. त्या चुकीत मी, त्याचा मामा, सामील झालो होतो. अनुवादाचे काम संपल्यावर मी त्याला हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “मग पुढच्यांना तरी पळायला लावा म्हणावे.”

त्याचा तो निरोप आपल्यापर्यंत पोहोचविण्यासाठीच मी येथे उभा राहिलो.